फुकट कुत्र्याचा जमाखर्च

आमच्या घरीं आश्रयगृहांतून आणलेली एक कुत्री आहे, हें शाळेंत आतां बहुतेकांस ठाऊक झालें आहे. त्यामुळें वर्षांतून चार-पांच वेळां तरी एखादा विद्यार्थी आईचा हात धरून आमच्याकडे येतो व विचारतो, "सर, तसें कुत्रें आणावयाचें तर किती पैसे पडतात?" ह्या प्रश्नाचें खरें उत्तर "एक पैसाही नाहीं" असें आहे. तें ऐकतांच मुलाचा चेहरा खुलतो, आईचा थोडा उतरतो, आणि आम्ही मनांत म्हणतों, कुत्र्याच्या बाबतींत याहून महाग उत्तर दुसरें नसेल. फाटकाशीं उभ्या उभ्या त्याचा खुलासा करणें शक्य नसतें, म्हणून तो येथें करीत आहों.

जातिवंत पिलूं विकत घ्यावयास जावें, तर विकणारा वीस-पंचवीस हजारांचा आंकडा सांगतो, आणि घरांतील वडील माणसें आपोआप चार दिवस विचार करूं लागतात. फुकट मिळणाऱ्या कुत्र्याच्या वेळीं असा विचार करण्याचें निमित्तच उरत नाहीं. रविवारीं सकाळीं पाहावयास जावें, आणि दुपारीं कुत्रें आपल्या ओसरीवर निजलेलें असावें, इतकें तें सोपें होऊन बसतें. परंतु कुत्रें विकतचें असो वा दत्तक घेतलेलें असो, त्याचें पोट, त्याची लस, त्याचें आजारपण हीं सारखींच. आपल्याकडील गांवठी कुत्रें नीट सांभाळलें तर बारा-चौदा वर्षें जगतें. आज इयत्ता पांचवींत असलेला विद्यार्थी शिक्षण संपवून नोकरीस लागेल, तरी तें संध्याकाळीं दाराशीं त्याची वाट पाहत असेल. घेणें-न घेणें ठरवावयाचें तें इतक्या लांबच्या मुदतीचें आहे.

हें आम्हांस कोणी शिकविलें नाहीं. आम्ही तें एका कुत्र्याच्या खर्चानें शिकलों, व तो खर्च त्या कुत्र्यास सोसावा लागला.

२०१४ सालीं आम्ही उपनगरांत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतों. मुलगा तेव्हां आठ वर्षांचा होता. त्याच्या हट्टावरून आम्ही एका आश्रयगृहांतून तीन वर्षांचा, काळापांढरा मोत्या आणला. जागेचा करार, मुंबईंत बहुधा असतो तसा, अकरा महिन्यांचा होता. त्यांत कुत्र्याविषयीं एक अक्षरही नव्हतें, आणि आम्हींही मालकांस विचारलें नाहीं. दूध-भात व शिळी पोळी म्हणजे कुत्र्याचें जेवण, आणि कुत्र्याचा खर्च म्हणजे तेवढाच, अशी आमची समजूत. आठव्या महिन्यांत रस्ता ओलांडतांना एका दुचाकीची धडक बसून मोत्याच्या मागच्या पायाचें हाड मोडलें. शस्त्रक्रियेचा आंकडा ऐकून आम्हीं एका आप्ताकडून उसने पैसे घेतले. तें ऋण फिटतें न फिटतें तोंच कराराची मुदत संपली, व करार पुढें चालवावयाचा तर घरांत कुत्रें नको, असें मालकांनीं कळविलें. दुसरी जागा पाहावी, तर अनामत रक्कम व दलाली देण्यापुरतेंही आमच्यापाशीं कांहीं उरलें नव्हतें. शेवटीं मोत्याला जेथून आणलें होतें तेथेंच आम्हीं परत नेऊन पोंचविलें. तेथील बाईंनीं रागाचा एक शब्द काढला नाहीं. त्यांनीं वही उघडली, त्याच्या नांवापुढें "परत" असें लिहिलें, तारीख घातली, आणि आमची सही घेतली. मोत्या त्या वेळीं आमच्या मुलाच्या चपलेवर तोंड ठेवून बसला होता. आपण सर्वजणच येथें थोडा वेळ बसावयास आलों आहों, असें त्याला वाटलें असावें.

पुढें कर्ज काढून आमची स्वतःची जागा झाली, आणि २०२२ च्या जुलै महिन्यांत गुळी आली. गुळाच्या रंगाची म्हणून मुलांनीं तिला हें नांव ठेविलें. या वेळीं मात्र ती येण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं एक दोनशें पानी वही आणली, पहिल्या पानावर तिचें नांव घातलें, आणि तिच्यापायीं होणारा प्रत्येक रुपया त्या वहींत लिहावयाचा असें ठरविलें. पुढें दिलेले आंकडे त्या वहींतले आहेत. ते आमच्या घरचे, आमच्या उपनगरांतले व त्या त्या वर्षाचे होत. दुसऱ्या गांवीं ते कमी-अधिक भरतील. परंतु कोणती रक्कम कोठें दडून बसलेली असते, हें मात्र सर्वत्र सारखेंच आढळेल.

गुळी त्या वेळीं सहा महिन्यांची होती, व आश्रयगृहांत येऊन तिला आठच दिवस झाले होते. अंगावर खरूज, पोटांत जंत, आणि लस एकही टोंचलेली नव्हती. पशुवैद्यांची पहिली तपासणी ५०० रुपये, जंताच्या गोळ्या ९० रुपये. नंतर लसी. एक एकत्रित लस असते. ती डिस्टेंपर, पार्व्हो, यकृताचा एक रोग व लेप्टोस्पायरोसिस यांपासून कुत्र्याचें रक्षण करिते. मुंबईच्या पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांतून माणसांस होणारा लेप्टो तो हाच. ती तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें दोनदां टोंचावी लागली, त्याचे १,६०० रुपये. पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची, लस व तिचा पुढचा डोस मिळून ७०० रुपये. खरजेसाठीं कातडी खरवडून केलेली तपासणी, औषधें व औषधी साबणाचीं स्नानें मिळून २,१०० रुपये. गळपट्टा, दोरी, नांव व दूरध्वनि क्रमांक कोरलेला बिल्ला आणि दोन स्टीलचीं भांडीं यांचे ९५० रुपये. अंथरुणास कांहीं पडलें नाहीं. जुनी गादी कापून त्यावर गोणपाट शिवलें. वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत साडेसात हजारांस होती. आश्रयगृहाच्या ओळखीनें ती २,००० रुपयांत झाली, व वरून औषधांस ६०० रुपये लागले. एकूण बेरीज ८,५४० रुपये. फुकट कुत्र्याचा हा पहिला हप्ता झाला.

वंध्यीकरणाविषयीं पालक थोडे संकोचानें विचारतात, म्हणून त्याचें कारण येथेंच सांगून टाकतों. कुत्री वर्षांतून साधारण दोनदां माजावर येते, सुमारें त्रेसष्ट दिवसांत विते, आणि एका वेळीं चार-सहा पिलें सहज होतात. तीं सर्व पिलें कोणाच्या दारीं नेऊन ठेवावयाचीं, हा प्रश्न प्रत्येकास तीं झाल्यावरच सुचतो. रस्त्यावर ज्या कुत्र्याच्या कानाचा लहानसा तुकडा काढलेला दिसतो, त्याचें वंध्यीकरण झालें आहे, अशी ती खूण असते. तें कोणाच्या क्रूरपणाचें चिन्ह नव्हे.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. रस्त्याकडेचें दीड महिन्याचें पिलूं उचलून आणलें कीं, सर्वांत स्वस्त सौदा झाला, असें मुलांस वाटतें. वास्तविक तोच सर्वांत महाग पडण्याचा संभव असतो. लस न झालेल्या पिलांत पार्व्होचा आजार फार. उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले कीं, पिलूं दोन दिवसांत वाळून जातें. दिवसांतून दोनदां सलाईन लावावें लागतें, आणि इतकें करूनही तें वांचेलच असें नाहीं. आमच्या शेजाऱ्यांनीं अशा एका पिलासाठीं पांच दिवसांत अकरा हजार रुपये खर्च केले. सहाव्या दिवशीं त्यांच्या मुलीनें आमच्या अंगणांत येऊन, आमच्याच कुदळीनें त्याच्यासाठीं खड्डा खणला. याच्या उलट आश्रयगृहांतील दोन-तीन वर्षांच्या कुत्र्यास बहुधा लसी टोंचलेल्या असतात, वंध्यीकरण झालेलें असतें, व त्याचा स्वभावही तेथील माणसांस कळलेला असतो. पण पाहावयास येणारीं मुलें सरळ पिलांच्या पिंजऱ्याकडे धांवतात, आणि मोठीं कुत्रीं जाळीशीं उभीं राहून त्यांच्याकडे पाहत राहतात. आमचीं मुलेंही तशींच धांवलीं होतीं.

आतां मासिक खर्च. गुळी सोळा किलोची आहे. तिच्यासाठीं महिन्यास सहा किलो तांदूळ २७० रुपयांचे, पांच किलो कोंबडीचें मटण १,००० रुपयांचें, अंडीं १०० रुपयांचीं, भोपळा-गाजर १२० रुपयांचें, गॅसचे अंदाजें १०० रुपये, आणि पिशवींतलें कोरडें खाद्य ४०० रुपयांचें. हे झाले १,९९० रुपये. मानेवर टाकावयाचें गोचिडांचें औषध ५५० रुपयांचें. साबण, फिनेल व किरकोळ मिळून १६०. एकूण २,७०० रुपये. घरांतील उरलें-सुरलें घालून यांतले पैसे वांचवितां येतील असें पुष्कळांस वाटतें. थोडे वांचतातही, परंतु आपल्या उरलेल्या भाजी-आमटींत कांदा व लसूण असतो, आणि हे दोन्ही कुत्र्याच्या रक्तास अपायकारक आहेत. द्राक्षें, बेदाणे व चॉकोलेट यांचीही तीच गोष्ट. शिजविलेलें हाड दांतांखालीं टोंकदार फुटतें आणि आंतड्यांत रुततें. पाहुण्यांच्या ताटांतलें हाड प्रेमानें घातल्याबद्दल दवाखान्याचें बिल भरलेले गृहस्थ आमच्या माहितींत आहेत.

दर वर्षीं पुन्हां टोंचावयाच्या लसी, तीन-तीन महिन्यांनीं जंताच्या गोळ्या, दोन तपासण्या व महानगरपालिकेच्या परवान्याची लहानशी फी मिळून सुमारें ३,००० रुपये होतात. यांपैकीं रेबीजच्या लशीची तारीख कधींही चुकूं देऊं नये. हा रोग एकदां अंगावर उमटला कीं, माणूस काय किंवा कुत्रें काय, वांचत नाहीं असेंच म्हणावें लागतें. आणि त्याचा प्रतिबंध मात्र तीन-चारशें रुपयांच्या लशींत आहे. कोणतेंही कुत्रें चावलें किंवा त्याचा दांत नुसता घासून कातडी खरचटली, तरी विद्यार्थ्यांनीं घरीं लपवून ठेवूं नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. सरकारी व महानगरपालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. मारतील म्हणून न सांगणारीं मुलें असतात, यासाठीं हें पालकांनींही वाचावें.

येथपर्यंतचा खर्च कोणीही शहाणा माणूस आधीं मांडूं शकेल. वहींत पुढें जीं पानें आहेत, तीं मांडण्याचें आम्हांसही सुचलें नव्हतें.

पहिलें पान ऑगस्ट २०२३ चें. त्या महिन्यांत घरीं पाहुणे होते, मुलीची परीक्षा होती, आणि ५५० रुपयांचें गोचिडांचें औषध आणावयाचें आम्ही विसरलों. तीन आठवड्यांनीं गुळीनें जेवण सोडलें. हिरड्या पांढऱ्या पडल्या, व एके सकाळीं तिच्या नाकांतून रक्त आलें. गोचिडांच्या चाव्यानें रक्तांत शिरणारा हा ताप आपल्याकडील कुत्र्यांत फार पसरलेला आहे. त्यांत रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट झपाट्यानें उतरतात. तीन वेळां केलेल्या रक्ताच्या तपासण्यांचे ३,६०० रुपये, चार दिवसांच्या सलाईनचे ६,०००, चार आठवड्यांच्या गोळ्या व इतर औषधांचे १,९००, पशुवैद्यांच्या फीचे २,०००, आणि जाण्यायेण्याचे ९००; कारण कुत्रें पाहिलें कीं रिक्षावाले मान हलवून पुढें जातात, व जो थांबतो तो आपल्या मनाचें भाडें सांगतो. एकूण १४,४०० रुपये. त्या पानाच्या कोपऱ्यांत आमच्या मुलीनें पेन्सिलीनें "५५०" असें लिहून त्याभोंवतीं वर्तुळ काढलें आहे. आम्हीं तें खोडलें नाहीं.

गुळी बरी झाल्यावर आम्हीं बँकेंत महिना १,००० रुपयांची आवर्ती ठेव तिच्या नांवें सुरू केली. म्हणजे खातें आमचेंच, पण घरांत तिला "गुळीचे पैसे" म्हणतात, व त्यांस दुसऱ्या कामासाठीं कोणी हात लावीत नाहीं. मोत्याच्या वेळीं अशी कांहीं शिल्लक असती, तर त्याच्या पायासाठीं उसनवारी करावी लागली नसती, आणि उसनवारी नसती तर दुसऱ्या जागेची अनामत भरतां आली असती. कुत्रें परत जातें तें क्वचितच भातामुळें. एकामागून एक दोन धक्के बसले, व दुसऱ्या धक्क्याच्या वेळीं हात रिकामा असला, म्हणजे जातें.

ज्यांस मोठें बिल झेपत नाहीं त्यांनीं धर्मादाय रुग्णालयांची माहिती आधींच काढून ठेवावी. परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ सालापासूनचें आहे. १८८६ सालीं सुरू झालेलें मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळासच आहे. महालक्ष्मी येथें टाटा ट्रस्टचें लहान प्राण्यांचें मोठें रुग्णालय २०२४ सालीं उघडलें. आपल्या घरापासून तेथवर रात्रीं अकरा वाजतां आजारी कुत्रें घेऊन कसें जावयाचें, याचा विचार मात्र दिवसां, कुत्रें धडधाकट असतांना करावा.

दुसरें न सुचलेलें पान सुट्यांचें. आमचें मूळ गांव रत्नागिरीकडे. गणपतीस सात दिवस व मे महिन्यांत बारा दिवस आम्ही जातों. आगगाडीनें कुत्रें न्यावयाचें, तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यांतील एक संपूर्ण कूपे घ्यावा लागतो, नाहीं तर पार्सल कचेरींत नोंद करून तें गार्डाच्या डब्यांतील पेटींत ठेवावें लागतें. गणपतीच्या गर्दींत कोंकणच्या गाडीचा संपूर्ण कूपे मिळणें म्हणजे काय, हें चाकरमान्यांस सांगावयास नको. आणि त्या पेटींत, अंधारांत व खडखडाटांत, गुळीस सात-आठ तास ठेवण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. म्हणून तिला दिवसास ६०० रुपये घेणाऱ्या एका घरगुती कुत्रेघरांत ठेवितों. एकोणीस दिवसांचे ११,४०० रुपये. पहिल्या वर्षीं आमच्या घरीं यावरून बराच वाद झाला. "तिचा मुक्काम आपल्या सर्वांच्या तिकिटांहून महाग," असें आमच्या मातोश्री म्हणाल्या, आणि तें अक्षरशः खरें होतें. पुढच्या वर्षीं मातोश्री स्वतःच गुळीसाठीं मागें राहिल्या. हा खर्च वहींत कोणत्या सदरांत घालावयाचा तें आम्हांस अजून कळलेलें नाहीं.

महिन्याचे २,७०० धरून वर्षाचे ३२,४००, लसी वगैरेचे ३,०००, सुट्यांचे ११,४००. म्हणजे आजारपण मुळींच न येतां वर्षास ४६,८०० रुपये. गणितांतील हुशार विद्यार्थ्यांनीं यास बारांनीं गुणावें. आजचेच भाव कायम राहतील असें धरलें तरी ५,६१,६०० रुपये होतात, आणि भाव कायम राहत नाहींत हें त्यांच्या आईस विचारावें.

वेळेचा हिशेब याहून कठीण. गुळीस सकाळ-संध्याकाळ पाऊण-पाऊण तास फिरावयास न्यावें लागतें. दिवसाचा दीड तास. बारा वर्षांचे ६,५७० तास. रात्र-दिवस सलग धरले तर सुमारें नऊ महिने. कुत्रें येण्यापूर्वीं आमच्या चिरंजीवांनीं हें सर्व काम आपल्याकडे घेतल्याचें लेखी लिहून दिलें होतें. तो कागद वहींत चिकटविलेला आहे. जुलै व ऑगस्ट ते नेमानें गेले. सप्टेंबरांत चांचणी परीक्षा आली. ऑक्टोबरपासून आम्हीच जातों. यांत आम्ही चिरंजीवांस फारसा दोष देत नाहीं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचें वचन खरें असतें, परंतु तें त्या दिवसापुरतें खरें असतें. पालकांनीं कुत्रें आणतांना आपणच रोज पहांटे उठणार आहों असें धरून चालावें; मुलगा उठला तर तो नफा समजावा.

सोडविलेल्या कुत्र्याच्या अंगीं मागल्या दिवसांची भीति असते, आणि तिचाही खर्च पडतो. पहिले तीन महिने गुळी खाटेखालून फारशी बाहेर येत नसे. तिनें दोन चपला, भूगोलाचें एक पुस्तक व पडद्याची एक किनार कुरतडली. केरसुणी उचलली कीं ती जमिनीशीं चिकटून जाई. छत्री उघडली कीं थरथर कांपे. कोणीतरी तिला छत्रीनें मारलें असलें पाहिजे. मुंबईचा जुलै, आणि छत्री उघडावयाची नाहीं! त्या महिन्यांत वहींत "रेनकोट, ९०० रुपये" अशी नोंद आहे, व ती गुळीच्या खर्चांत धरलेली आहे. दिवाळींत फटाक्यांचे चार दिवस घरांतील एकानें तरी दारें-खिडक्या लावून तिच्याजवळ बसावें लागतें. हें सर्व हळू हळू कमी होतें. छत्रीखालून ती प्रथम चालली तो दिवस ११ जून २०२४ हा होता. ही नोंद पैशांची नाहीं, तरी वहींत आहे.

ज्यांचें घर भाड्याचें आहे त्यांनीं मालकांची संमति करारांत लिहून घ्यावी, ही आमची कळकळीची सूचना आहे. सहकारी गृहसंस्थेस सभासदांच्या कुत्र्यांवर सरसकट बंदी घालतां येत नाहीं, असें भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें कळविलेलें आहे. परंतु त्यामुळें खाजगी घरमालक करार वाढवून देण्यास बांधला जात नाहीं.

परत करणें निदान आश्रयगृहांत करावें. रस्त्यावर सोडून देणें हा गुन्हा आहे. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास बंदी करणाऱ्या १९६० च्या कायद्यांत, उपासमार होईल अशा रीतीनें प्राण्यास टाकून देणें हें क्रौर्यांत धरलें आहे. पहिल्या गुन्ह्यास त्यांत दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. १९६० सालीं पन्नास रुपयांस कांहीं किंमत होती. आज तेवढ्यांत गुळीचा एक दिवसही निघत नाहीं. २०२५ च्या ऑगस्टमध्यें दिल्लीकडील भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २२ तारखेस जो आदेश दिला, त्यांत कुत्रीं दत्तक घेऊं इच्छिणाऱ्यांस महानगरपालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. मात्र असें घेतलेलें कुत्रें पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं याची जबाबदारी अर्जदाराची, असेंही बजावलें. आमच्या मतें त्या आदेशांतील हें वाक्य प्रत्येक आश्रयगृहाच्या दारावर लावण्याजोगें आहे.

इतकें वाचून एखादा विद्यार्थी हिरमुसला होऊन पुस्तक मिटील. त्यास आम्ही सांगतों कीं, बारा वर्षें झेपत नसतील तर थोडें घ्यावें. पुष्कळ आश्रयगृहांस शस्त्रक्रियेनंतर एखादें कुत्रें पंधरा दिवस घरीं सांभाळणारीं माणसें हवीं असतात. औषधपाणी बहुधा तींच पुरवितात. सुटीच्या दिवशीं कुत्रीं फिरवावयास व भांडीं धुवावयास हात लागतात. आणि चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गानें प्रत्येकीं पन्नास रुपये काढले, तर २,००० रुपये होतात. गुळीच्या शस्त्रक्रियेस तेवढेच लागले होते.

मोत्याचें पुढें काय झालें, असें मुलें नेहमीं विचारतात. तो त्या आश्रयगृहांतच राहिला. पाय किंचित् लंगडा, वय वाढलेलें, शिवाय नांवापुढें "परत" लिहिलेलें. त्याला कोणी नेलें नाहीं. आमची परिस्थिति सुधारल्यावर आम्ही त्याला आणावयास गेलों, तेव्हां तेथील बाईंनीं तीच वही उघडून आम्हांस दुसरी तारीख दाखविली. तो चार महिन्यांपूर्वीं गेला होता.

गुळीची वही आमच्या मेजाच्या खणांत असते. तिचीं एकशें सत्तर पानें भरलीं आहेत. ज्यांस ती पाहावयाची असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. विद्यार्थ्यांनीं मात्र एकट्यानें येऊं नये. घरांतील जें माणूस पहांटे उठणार असेल, त्यास बरोबर आणावें.